ठणका थांबलेली दाढ

मित्रांनो, मी एक जुनी दाढ आहे. खालच्या जबड्यात, डाव्या बाजूला बसलेली. माझे मालक बाळासो कराडजवळच्या एका गुऱ्हाळावर गूळ करणारे गुळवे आहेत. काहिलीत, म्हणजे चुलाणावरच्या मोठ्या कढईत, उसाचा रस आटत आला की ते त्याचा थेंब पाण्यात टाकतात, बोटांनी गोळी वळतात आणि माझ्यावर ठेवून चावतात. गोळी चिकटली तर अजून जाळ हवा, कटकन तुटली तर काहील उतरवायची. त्यांच्या गुळाचं कौतुक झालं की मला वाटे, यात माझाही वाटा आहे. माझी मिजास काही कमी नव्हती.

पण दिवसभर गोड चाखायचं आणि चूळ भरायला सवड नाही. मला कीड लागली. आधी वरच्या टणक कवचाला भोक पडलं, मग कीड आतल्या गाभ्यापर्यंत पोचली. तिथे रक्त असतं, नस असते, आणि सूज आली तर फुगायला जागाच नसते. मी जिवाच्या आकांताने ठणकू लागले. बाळासो लवंग दाबत आणि पुन्हा काहिलीपाशी जात. हंगाम संपू दे, मग बघू, म्हणत. मला कुठला दम निघतोय!

एके दिवशी ठणका थांबला.

"शांत झाली बघ दाढ," ते बायकोला, तानुबाईंना म्हणाले. "उगा डाक्टरकडं पळालो असतो."

मित्रांनो, माझी नस मेली होती. ओरडायला आत कुणी उरलंच नव्हतं. कीड मात्र मुळांच्या टोकांतून बाहेर पडून हाडात पू करत होती. मला सगळं कळत होतं आणि सांगता काहीच येत नव्हतं. इतकी घालमेल मी ठणक्यातही सोसली नव्हती.

ऐन हंगामात गाल सुजला. बाळासो मफलर गुंडाळून कामावर गेले. दुसऱ्या दिवशी सूज हनुवटीखाली उतरली आणि अंगात ताप भरला, तरी ते गेलेच. तेव्हा तानुबाई थेट गुऱ्हाळावर आल्या.

"आवं, थुकी बी गिळवंना तुमास्नी. काहील दुसरं कोनबी उतरवंल. उठा."

बाळासो उठले. हुज्जत घालायला तोंड उघडतच नव्हतं.

कराडच्या दवाखान्यात पू काढला. अजून उशीर झाला असता तर श्वास कोंडला असता, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. तोंड उघडल्यावर बाळासोंचं पहिलं वाक्य होतं, उपटून टाका तिला. मी हादरले. पण बाईंनी माझी मुळं तपासली आणि दाढ वाचेल म्हणाल्या. त्यांनी मेलेला गाभा काढला, मुळं आतून धुऊन भरली आणि वर टोपी बसवली.

आता बाळासो रोज घासूनपुसून तोंड धुतात. गूळही चाखतात. पण माझी बेचैनी जात नाही. माझ्यात नस राहिलेली नाही. उद्या पुन्हा कीड आत शिरली, तर मला त्यांना हाक मारता येणार नाही.

मित्रांनो, तुमची दाढ दुखते म्हणजे ती अजून जिवंत आहे. तिला आवाज आहे तोवर तिचं ऐका.