अक्षर माझंच

“बायनाबाईला सोता भेटलास का?” कल्याणरावांनी भीमाशंकरचा कागद परत त्याच्यापुढे सरकवला.

“भेटायचं काय त्यात? समदं झरी गाव त्येच बोलायलंय.”

“मंग लिहायचं न्हाई. आधी तिला भेटून ये.”

टाक दौतीत बुडवून बसलेल्या उमादेवीने तो पुसून खाली ठेवला. आज काही मजकूर पुरा होत नव्हता.

परभणीत मास्तर असलेला तिचा नवरा कल्याणराव, त्याचा कापडदुकानदार दोस्त भीमाशंकर आणि ती, एवढंच ‘वाफसा’चं संपादक मंडळ. निजामाच्या राज्यात छापायची इजाजत कोण देतो? म्हणून मासिक हातानेच लिहायचं. भीमाशंकर बाजार करत फिरताना बातम्या आणायचा, कल्याणराव त्या पारखून घ्यायचे, उमादेवी सुवाच्य अक्षरात प्रती काढायची. त्या पेडगाव, झरीकडे हातोहात फिरायच्या. अंकावर कोणाचंच नाव नसायचं.

भीमाशंकर झरीहून तिची हकिगत घेऊन आला. अंमलदाराचं सामान वाहायला गाव वेठीला धरलं होतं. बायनाबाईचे दिवस भरले होते, तरी डोक्यावर पेटी दिलीच. ती वाटेत बाळंत झाली. मूल रडलंच नाही.

“म्हनली, माजं नाव लिवा. झाकू नका.”

तो अंक लिहिताना उमादेवीला अक्षरं नीट दिसत नव्हती.

पुण्याच्या एका संस्थेने उत्तम नियतकालिकाला पदक जाहीर केलं, तेव्हा हाच अंक धाडायचा, असा भीमाशंकरने हट्टच धरला.

“संपादकाचं नाव द्यावं लागंल,” उमादेवी म्हणाली. “मंग आजवर झाकलं कशापायी?”

“वैनी, एकदा तिकडं नाव झालं की हितं हात लावायला कुनी धजनार न्हाई.”

कल्याणरावांनी अंक पुढे ओढला. मग म्हणाले, “बायनाबाईनं दिलं की तिचं नाव. माझं बी देऊ.”

पदक मिळालं. पुण्याच्या वर्तमानपत्रांनी तोंड भरून कौतुक केलं. गाव, संपादक, झरीची हकिगत, सगळं नावानिशी छापलं. भीमाशंकरने दुकानात पेढे वाटले. ती वर्तमानपत्रं इकडच्या कचेरीतही वाचली जात होती. आठवडा उलटायच्या आत पोलिसांचा अमीन दारात उभा राहिला.

“ये किसने लिखा?”

“मीच. संपादक मी, अक्षर बी माझंच.”

उमादेवी पुढे सरकली. तिच्याकडे न बघता कल्याणराव म्हणाले, “तू आत जा. चुलीवर दूध हाय.”

चुलीवर काही नव्हतं. तरी ती आत गेली.

ठाण्यात त्यांना लिहायला लावलं. अक्षर जुळेना. मग लिहिणारा कोण, ते वदवून घेणं सुरू झालं. सुटून आलेल्या एकाने भीमाशंकरला सांगितलं, मास्तर तोंड उघडत नाहीत. उमादेवी तशीच ठाण्याकडे निघाली. भीमाशंकर दारात आडवा झाला.

“तुमी गेलात तर त्यांनी सोसलेलं समदं मातीत जाईल, वैनी.”

ती थांबली. ते थांबणं तिला जन्मभर पुरलं.

पावसाळा सरता सरता तुरुंगातून निरोप आला, हगवणीने गेले.

लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून, हातात गळ्यातलं इष्टलिंग देऊन पुरायचं होतं. खड्ड्याशी भीमाशंकरने खिशातून पदक काढलं. त्याला वर बघवत नव्हतं.

“ह्ये बी ठिवू का संगं?”

“नको. बायनाबाईला नेऊन द्या, भावजी. तिचं हाय ते.”

विधी करणाऱ्या जंगमाने त्यांच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवलं आणि उजवा हात त्यावर झाकायला घेतला. तो नीट बसेना. बोटं मोडून वाकडीतिकडी जुळली होती, एक इकडे, एक तिकडे. जंगमाने नजर वळवली.

उमादेवी खाली उतरली. तिने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, पदराने बोट न् बोट पुसलं आणि लिंगावर जसा बसला तसा ठेवला.

“आता माती लोटा,” ती म्हणाली.