डार्सीला खाली पाठवताना

डार्सीला दुसऱ्या संघाने उचललं, हे सोमवारी दुपारी कळलं.

आइस हॉकीत सगळ्या संघाच्या पगाराला मिळून एक मर्यादा असते. जखमी गोलरक्षक बरा होऊन परतला, तेव्हा त्याच्या पगाराला जागा करायला मॅनेजर ऑरेस्टने तरुण फॉरवर्ड डार्सीला खालच्या संघात पाठवायचं ठरवलं. पण त्याआधी खेळाडूचं नाव एक दिवस बाकी संघांपुढे ठेवावं लागतं, आणि तेवढ्यात कुणीही त्याला नेऊ शकतं.

"कोण नेतंय त्याला, असं तूच म्हणालास," जुना सहकारी गॉर्ड म्हणाला.

"अजून पिकायचा होता रे तो."

"मग पिकू द्यायचं होतंस ना, म्हाताऱ्या."

सोळाव्या वर्षी गावात खेळायला आलेला डार्सी ऑरेस्टच्याच घरी राहायला होता. ओले स्केट्स स्वयंपाकघरात आणले की ऑरेस्टची बायको नेटी त्याला ओरडायची, आणि मग पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, पोटभर वाढायची. मार्चमध्ये नेटी गेली. तेव्हापासून दर रविवारी डार्सी ऑरेस्टला फोन करायचा. दोघे फक्त हॉकीवर बोलायचे. तिचं नाव कुणीच काढायचं नाही, पण फोन तिच्यासाठीच असायचा.

खेळाडूचं नाव पुढे ठेवलं की मॅनेजरने स्वतः त्याला सांगायचं, ही रीत. ऑरेस्टने ते काम प्रशिक्षकावर ढकललं होतं.

संध्याकाळी डार्सी विमानाने नव्या संघाकडे गेला. ऑरेस्टने त्याला अजून फोन केलेला नाही.