लहानूच्या नावाखालची यादी

ऑफिसातलं कॉम्प्युटरचं मशीन मी सांभाळायचो, आणि त्याला नावं ठेवणाऱ्यांचा मला भारी राग येई. चूक नेहमी माणसाची असते, हे मी ऑफिसात इतक्यांना सुनावलं होतं की माझ्या पाठीमागे लोक माझी नक्कल करत. म्हणून १९८७च्या जानेवारीत नेमणुका बघणाऱ्या गोपाळराव साहेबांनी फोन करून "मधुकर, अनुकंपेची यादी निघून नाही राहिली गा," असं सांगितलं, तेव्हा मी चिडूनच म्हणालो, "कोणीतरी नाव चुकीचं टाइप केलं असेल. येतो."

नोकरीत असताना वारलेल्या कामगारांच्या घरच्यांना नोकरी द्यायची, त्यांची ती यादी. पूर्वी ती रजिस्टरात असे, आणि रजिस्टरातले नंबर कसे वरखाली होतात ते सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. माझ्या शेजारी बसणारा प्रोग्रामर लहानू रामटेके याला ते सोसवेना. जेवणाच्या सुट्टीत बसून त्यानं सगळे अर्ज तारखेप्रमाणे कॉम्प्युटरवर चढवले. आमच्या बाकीच्या याद्या कंपनीच्या नावाखाली असत. ही त्यानं मुद्दाम स्वतःच्या नावाखाली ठेवली. वाचायची मुभा सगळ्यांना, बदलायची फक्त त्याला.

"आता कोनाच्या बापाले नंबर हालवता येत नाही," तो हसून म्हणाला होता. दिवाळीनंतर काविळीचं निमित्त झालं आणि तो गेला. एकोणचाळीस वर्षांचा होता.

साहेबांच्या खोलीत पंचफुला बसली होती. तिचा नवरा आमचा लाइनमन, चार वर्षांपूर्वी खांबावरून पडून गेलेला. शिपायाची एक जागा निघाली होती आणि नाव त्याच दिवशी मुंबईच्या मुख्य ऑफिसला कळवायचं होतं. पुढच्या महिन्यात पंचफुलाचं वय मर्यादेबाहेर जाणार होतं, म्हणजे ही जागा हुकली की सगळं संपलं. लहानूनं छापून दिलेला कागद तिनं टेबलावर ठेवला. त्यावर तिचा नंबर पहिला होता.

"यावर सही नाही कोनाची," साहेब म्हणाले. "मशीनमधी दाखव, आत्ता सही करतो. नाही तर मले रजिस्टरच पाहा लागते."

रजिस्टरात ती नववी होती.

मी मशीनसमोर बसलो. नाव बरोबर टाइप केलं होतं, तरी असा तक्ताच, म्हणजे अशी यादीच मशीनमध्ये नाही, असं उत्तर येत होतं. कंपनीच्या नावाखालचे सगळे तक्ते वाचून काढले. मग वाटलं, माझी वाचायची परवानगीच कोणी काढली असेल. तसंही नव्हतं. शेवटी म्हटलं, लहानूच्याच नावानं आत शिरून बघू. पडद्यावर उत्तर आलं, या नावाचा कोणी नाही.

ते नाव मीच काढलं होतं.

रोज सकाळी मशीन सुरू केलं की सगळ्यांची नावं आणि कोण शेवटचं कधी येऊन गेलं ते पडद्यावर येई. लहानूच्या नावापुढची तारीख त्याच्या शेवटच्या दिवसावरच थांबलेली. इंदोऱ्याला त्याच्या घरी पुण्यानुमोदनाला, त्याच्या मागच्या प्रार्थनेला जाऊन आलो, त्या दुपारी ती तारीख मला बघवेना. मी त्याचं नाव काढायला घेतलं. मशीननं विचारलं, याच्या मालकीचं सगळंही काढू का? डोळे भरलेले होते. मी धड वाचलंही नाही आणि 'हो' म्हटलं.

रोज रात्री मशीनमधल्या सगळ्याची नक्कल ज्यांवर घेत असू, त्या टेपा उरल्या होत्या. आमच्याकडे सात टेपा, वारावारानं त्याच फिरून वापरायच्या, आणि नाव काढून कित्येक आठवडे झाले होते. तरी मी सातही लावून पाहिल्या. यादी एकीवरही नव्हती. लहानूनं ज्यांवरून ती केली ते अर्ज केव्हाच रद्दीत गेले होते.

साहेबांना खरं ते सांगितलं. लेखी देतो म्हणालो.

"लिहून दे, जोडतो मी," ते हळूच म्हणाले. "पन त्यानं हिचा नंबर सिद्ध होते का, सांग."

पंचफुला व्हरांड्यात उभी होती. तिलाही मी सगळं सांगितलं. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

"रामटेके साहेबाचं नाव काहून काढलं जी तुमी?" तिनं विचारलं.

"रोज दिसायचं, बाई. बघवत नव्हतं."

ती म्हणाली, "माह्या घरच्याची सायकल चार वर्सं झाले, दारातच उभी आहे. लोकं म्हनते, इकून टाक. मले बी नाही पाहवत जी. पन राहू देल्ली."

तिनं कागदाची घडी घातली आणि पायऱ्या उतरून गेली. मला ओरडून रडावंसं वाटत होतं, पण त्या बाईसमोर रडायचं तोंड मला उरलं नव्हतं.

साडेपाचला रजिस्टरातल्या पहिल्या नावाचा आदेश मंजूर झाला. छापायला तो माझ्याकडेच आला, आणि मी छापून दिला.