शेंगेतली सवत

पारोळ्याच्या मंगल कार्यालयात त्या गुरुवारी एवढी गर्दी होती, की एखादं खरं वऱ्हाड आलं असतं तर त्याची पंगत रस्त्यावर बसवावी लागली असती. आलेल्या प्रत्येक बाईच्या हातात घरच्या जेवणाचा डबा. व्यासपीठावर शुद्धानंद महाराज.

"सोयाबीनमध्ये इस्ट्रोजन असतं, माउल्यांनो! ही शेंगेत बसलेली सवत आहे, सवत! तुमच्या गाठीला ही दूध पाजते."

महाराजांनी एका डब्यातल्या सोयावडीच्या भाजीवर बाटलीतलं मंत्रजल शिंपडलं. भाजी लालभडक झाली. बायांनी हात जोडले. दुसऱ्या डब्यातली जवसाची आमटी, लाल. तिसऱ्यातलं वरण, तेही लाल. मग त्यांनी स्वतःचं शुद्धी चूर्ण पाण्यात कालवलं, वरून मंत्रजल टाकलं. चूर्ण पांढरंशुभ्र राहिलं.

"म्हणून अन्न सोडा, चूर्ण घ्या. आणि त्या डॉक्टरी गोळ्याही सोडा. शुद्धी आणि गोळी एका घरात नांदत नाहीत!"

माझी हेमलता वहिनी पहिल्या रांगेत होती. तिच्या स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं होतं. गाठ इस्ट्रोजन या हार्मोनवर वाढणारी, म्हणून डॉक्टरांनी त्याला रोखणारी रोजची गोळी दिलेली. वहिनीला इथे आणलं होतं तिच्या नणंदेनं, म्हणजे माझ्याच थोरल्या बहिणीनं, बेबाअक्कानं. मी शाळेत विज्ञान शिकवतो. घरी मी पुष्कळ डोकं फोडलं, पण अक्का आपल्या अहिराणीत म्हणाली, "तू पुस्तकं शिकाड. मन्ही भावजाईना जीवना सवाल शे."

अक्काची माया खरी होती. खोटा होता तो महाराज.

वहिनीनं वरण सोडलं, तीळ सोडले, शेवटी गोळीही सोडली. गाल बसले. जिना चढताना ती कठड्याला धरून उभी राहू लागली.

एके सकाळी तिनं मला न्हाणीतून हाक मारली. हातात पांढरा टॉवेल. कुणीतरी त्याला भाजीचे हात पुसले होते.

"भाऊ, हाई दखा. साबण लावताच हळदना डाग लाल व्हयना." मग टॉवेल माझ्यापुढे धरून म्हणाली, "महाराजना पानीमा काय शे?"

हळदीवर चुनाही साबणासारखंच काम करतो, म्हणून मी टपरीवरून पानाचा चुना आणला, पाण्यात कालवला, वरची निवळी घेतली. वरणावर टाकली. वरण लाल! अक्का दारातून बघत होती.

पुढच्या गुरुवारी वहिनी नुसत्या मिठात उकडलेलं सोयाबीन घेऊन गेली. महाराजांनी मंत्रजल टाकलं. सोयाबीन जसं होतं तसंच.

महाराज डगमगले नाहीत. "आज मंत्रजल थकलं आहे."

"माले द्या ती बाटली," म्हणत बेबाअक्का उठली. तिनं उरलेलं मंत्रजल महाराजांच्याच प्रसादाच्या पिवळ्या भातावर ओतलं. भात लालभडक झाला.

"मंग तुमना परसादमा बी सवत शे का, महाराज?"

आधी कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळं कार्यालय. हळदीवर चुन्याची निवळी पडली की लाल रंग येतो, हे मी व्यासपीठावर चढून सांगितलं. खान्देशात हळदीवाचून वरण-भाजी होते कुठे? म्हणून प्रत्येक डबा दोषी, आणि बिनहळदीचं चूर्ण तेवढं पवित्र. महाराज मागच्या दारानं निघाले.

अक्का मात्र हसली नाही. ती वहिनीला धरून रडली आणि तिला घेऊन दुसऱ्याच दिवशी जळगावला गेली.

"गोळी बंद केली?" वहिनीवर उपचार करणाऱ्या डॉ. मेघा पाटलांनी विचारलं. वहिनीनं मान खाली घातली. डॉक्टर रागावल्या नाहीत. तपासण्या सांगितल्या आणि गोळी पुन्हा सुरू केली.

"आणि सोयाबीन?" अक्कानं विचारलं.

"त्यातला पदार्थ इस्ट्रोजनसारखा असतो हे खरं, पण त्याचा असर फार सौम्य. जेवणातल्या सोयाबीननं हा आजार पुन्हा उद्भवतो, असं हा आजार झालेल्या बायांवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. जवस-तीळही जेवणापुरते खायला हरकत नाही. मात्र त्याच पदार्थाच्या गोळ्या, पावडरी मला विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत."

तपासण्या ठीक आल्या. सगळ्यांच्याच तशा येतील असं नाही. म्हणून तर सांगतो. आजाराची भीती वाटणं हा गुन्हा नाही. पण ती भीती घेऊन जायचं ते शंका विचारू देणाऱ्याकडे. जो म्हणतो गोळी सोड आणि माझं चूर्ण घे, त्याला आधी विचारा: तुमच्या बाटलीत काय आहे?