वाटण वाढलं

चंद्रावतीच्या स्वयंपाकघरात 'संपलं' हा शब्द काढायला बंदी होती. कुंकू वाढलं, बांगडी वाढली, इथपर्यंत जनूला लहानपणापासून ठाऊक होतं. पण चंद्रावतीनं तो नियम पार सिलेंडरपर्यंत नेला होता. लग्नानंतर एकदा जनू रात्रपाळी करून घरी आला तर ती म्हणाली, "गॅस वाढला." जनू म्हणाला, "मग बारीक कर." त्या दिवशी त्याला कोरे पोहे खावे लागले.

रोह्याच्या कंपनीत जनूच्या पाळ्या सारख्या बदलायच्या, म्हणून चंद्रावती सुट्टीच्या दिवशी आठवड्याची बेगमी करून ठेवायची. चिंचेचा कोळ बाटलीत, आलं बरणीत, आणि भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या, लसूण घातलेल्या वाटणाचे गोळे फ्रीजरमध्ये. कितीही वाजता या, उकळत्या पाण्यात एक गोळा सोडा, हाताला लागेल ते त्यात टाका, कालवण तयार.

ती गेली तेव्हा मागे बरेच गोळे होते. जनूनं ते पुरवून पुरवून खाल्ले. एकच राहिला तेव्हा त्यानं हात आखडला. तो रोज फ्रीजर उघडायचा, गोळा बघायचा, फ्रीजर बंद करायचा आणि वरश्याच्या नाक्यावर जाऊन वडापाव खायचा. पेणला दिलेली मुलगी ऋतुजा फोनवर विचारायची, "बाबा, जेवलात?" तो म्हणायचा, "हाय ना घरात." घरात होता तो गोळाच.

मग फ्रीज बंद पडला. दुरुस्तीवाला म्हणाला, पार्ट यायला वेळ लागेल. जनू गोळा पिशवीत घालून शेजारच्या अजराभाभींकडे पळाला. त्यांच्या अर्शदनं आखातातून पैसे पाठवून आईला मोठा फ्रीजर घेऊन दिला होता. भाभी बाजारात गेल्या होत्या. सून अक्सा घरात होती. जनूची पाळीची वेळ झाली होती. "बेटा, एवढं ठेव," म्हणून तो पिशवी देऊन गेला.

संध्याकाळी तो परत आला तर पिशवी धुऊन दोरीवर वाळत घातलेली.

"यातला गोळा कुठाय?"

"चाचा, एकटाच होता बिचारा," अक्सा म्हणाली, "म्हणून सगळ्यांबरोबर ठेवला."

तिनं आइस्क्रीमचा मोठा डबा काढून दाखवला. आत भाभींचे गोळे होते. सगळे सारखे. सारखे असणारच. चंद्रावती आणि अजरा गेली कित्येक वर्षं एकाच मिक्सरवर, एकाच मापानं वाटण वाटत आल्या होत्या. जनू डब्यात बघतच राहिला. इतक्या बायकांमधून आपली बायको ओळखायची कशी?

गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. गणपती मंडळाचा अध्यक्ष पोपट वर्गणीची वही न घेताच आला, पण चार माणसं घेऊन आला.

"जनूदादा, काळजी करू नका. कमिटी नेमू."

"कमिटी काय करंल?"

"चव घेईल."

"अरे, पण शिजवल्याबिगर चव कशी कळंल? आणि शिजवला तर राहील कुठं? मला तो खायचा नाय, ठेवायचा हाय."

पोपटनं डोकं खाजवलं. "मग असं करू. वैनींचा गोळा सोडून बाकीचे सगळे खाऊ. शेवटी उरंल तो वैनींचा."

हे सगळ्यांना पटलं. जनूलासुद्धा क्षणभर पटलं. मग तो म्हणाला, "आणि तो मधीच आला तर?"

"तर तुम्ही वळखा."

"वळखून काय करू? तवर पोटात गेला ना!"

पोपटनं यावर कमिटीत आणखी दोन माणसं घेतली.

एवढ्यात गल्लीतल्या काशीबाई म्हणाल्या, "त्याला शिजवायला कशाला पायजे? कावळ्याला इचारा." हे तर सर्वात सोपं होतं. गोळे ताटात मांडून ताट गच्चीवर ठेवलं. कावळा ज्याला शिवेल तो चंद्रावतीचा. कावळा आलाही लगेच. त्यानं एका गोळ्यावर चोच मारली. टक् असा आवाज झाला. त्यानं दुसऱ्यावर मारली. टक्. कावळ्यानं जमलेल्या माणसांकडे एकदा रागानं पाहिलं आणि तो डिशच्या छत्रीवर जाऊन बसला.

"शिवत नाय," काशीबाई हळहळल्या. "तिची काय तरी इच्छा रायलीय गो."

"तिची इच्छा एकच," जनू म्हणाला. "गोळे उन्हात ठेवू नका."

तेव्हा खाण्याशिवाय मार्ग उरला नाही. पेणहून जावयाचा फोन आला. मितेश गणपतीच्या कारखान्यात साचे करायचा. "बाबा, जिवाला लावून घेऊ नका. मी शाडूचा हुबेहूब गोळा करून देतो. रंगासकट. विसर्जनसुद्धा करायला नको." जनूनं त्याला शांतपणे सांगितलं की गरज पडली तर कळवतो.

रोज संध्याकाळी भाभींच्या ओट्यावर एक गोळा शिजू लागला. कधी अंडी, कधी सुकट, कधी बटाटा. पहिला घास जनूचा. सगळी कमिटी त्याच्या तोंडाकडे बघत बसायची. तो घास फिरवायचा, गिळायचा आणि म्हणायचा, "हा नाय." लोक सुटकेचा श्वास टाकायचे आणि उरलेलं खायला बसायचे. कमिटी वाढत गेली, या वेळी खरोखरच वाढली. माणसं घरून भाकरी घेऊन यायची. वडापाववाल्यानं चौकशी केली, काका आजारी आहेत का. जनूचे बसलेले गाल भरायला लागले होते.

एका गुरुवारी भाभींनी वालाच्या बिरड्यात जवळा टाकला. जनूनं घास घेतला आणि दाढेत काहीतरी अडकलं. त्यानं जिभेनं चाचपलं. लसणीचं सालपट.

या सालपटावरून त्या घरात आयुष्यभर भांडण चाललं होतं. "अगो, लसूण सोलतेस का नुसता धाक दाखवतेस?" तो म्हणायचा. "एवढं राजाचं तोंड असंल तर स्वतः सोला," ती म्हणायची. भाभींच्या लसणीला मात्र कधी साल दिसायचं नाही. त्या लसूण सोलायच्या ते मोती निवडल्यासारखं.

जनूचा घास तोंडात थांबला. सगळे बघत होते. पोपट पुढं सरकला. "दादा?"

'हाच' म्हटलं असतं तर सगळे हळहळले असते, कोणी रडलं असतं, कुणी फोटो काढला असता आणि समोरचं बिरडं गार झालं असतं. जनूनं घास गिळला.

"हा नाय," तो म्हणाला. "भाभी, जरा आणखी वाढा."

त्यानं तीनदा घेतलं. शेवटी पातेल्यात भाकरी फिरवून तीही खाल्ली.

"हा नाय म्हणता नि पातेलं पुसता?" भाभी म्हणाल्या.

"भूक लागलीय."

घरी जाऊन त्यानं चूळही भरली नाही. सालपट दाढेत ठेवून झोपला.

पुढच्या आठवड्यात बाकीचे गोळेही गेले आणि डब्यात एकच राहिला. पोपटनं जाहीर केलं, की हाच वैनींचा. मंडळाचा बेंजो आला. जनूचा फ्रीज दुरुस्त झाला होता, म्हणून भाभींच्या दारापासून जनूच्या दारापर्यंत मिरवणूक काढायचं ठरलं. मध्ये फक्त एक भिंत होती, त्यामुळं मिरवणूक आधी उलट दिशेनं मारुतीच्या देवळापर्यंत नेऊन परत आणली. आइस्क्रीमच्या डब्याला हार घातला होता. ऋतुजा पेणहून पोह्याचे पापड घेऊन आली. मितेश शाडूचा गोळा घेऊन आला. खरंच हुबेहूब होता.

जनूनं डबा उघडला. भाभींचा तो स्वच्छ गोळा त्याच्याकडे बघत होता. हा फ्रीजरमध्ये ठेवला असता तर सगळ्या गल्लीनं रोज येऊन त्याला नमस्कार केला असता आणि जनू पुन्हा नाक्यावर गेला असता.

"ऋतुजा, पाणी उकळ," तो म्हणाला.

"अहो दादा!" पोपट ओरडलाच. "मग एवढं सगळं खाल्लं कशापायी?"

"तुला भूक लागली होती म्हणून," जनू म्हणाला.

दाराबाहेरपर्यंत पंगत बसली. एका गोळ्याचं कालवण पाणी घालून घालून सगळ्यांना पुरवलं. ते पातळ झालं होतं, तरी पहिल्या घोटाला काशीबाईंनी डोळ्याला पदर लावला. "हाच गो तिचा हात." पोपटला तर ठसका लागला. चंद्रावतीवैनी साक्षात आल्या, असं तो ठसक्यातच सांगत होता.

अजराभाभींनी एक घास घेतला. मग आणखी एक घेतला. स्वतःचं वाटण बाईला कळणार नाही असं होत नाही. त्या उठल्या, पळी घेतली आणि जनूच्या ताटापाशी वाकल्या.

"जनूभाऊ," त्यांनी हळूच विचारलं, "वाटण कधी वाढलं?"

"आत्ताच वाढलं ना," शेजारून पोपट म्हणाला. "गरम हाय अजून."

जनूनं ताटातून नजर वर केली नाही. "गेल्या गुरुवारी," तो म्हणाला.

भाभींनी त्याच्या भातावर आणखी थोडं कालवण घातलं. "उद्या खोबरं घेऊन या," त्या म्हणाल्या. "भाजून मी देते. लसूण तुम्ही सोलायची."

दुसऱ्या दिवशी जनू त्यांच्या ओट्याखाली फरशीवर परात घेऊन बसला. मितेशचा गोळा त्याच्या फ्रीजरमध्ये हार घालून ठेवला होता, पोपट येऊन बघून गेला होता.

"भाऊ, नीट सोला," भाभी वरून म्हणाल्या. "सालं राहतायत."

"राहू दे, भाभी," जनू म्हणाला आणि त्यानं पुढची पाकळी घेतली.