योगिनीच्या पोटातले पाणी

मित्रांनो, मी शहापूरच्या एका दवाखान्यातले जुने सोनोग्राफी यंत्र आहे. नवे होते तेव्हा मला पाहायला माणसे दारात थांबत. आता माझा पडदा पिवळट झाला आहे, एक चाक अडते. पण पोटातले बाळ मला अजून नीट दिसते.

इथे आलेल्या माणसांत मला सर्वांत थोर वाटते ती बाईजा. मुरबाडकडच्या डोंगरगावातली शेतकरी बाई. एका दुपारी ती सून योगिनीला घेऊन आली. सोबत मुलगा जीवन होता. योगिनीला पाचवा महिना होता, पण पोट दिवस भरल्यासारखे दिसत होते. आठवड्याभरातच ते एवढे वाढले होते. तिला धाप लागत होती.

“जुळी हायेत ना, पोट मोठं व्हनारच,” जीवन म्हणाला.

डॉक्टर हर्षाली यांनी माझा हातात धरायचा प्रोब पोटावर फिरवला आणि त्या पडद्याजवळ झुकल्या. दोन्ही बाळे एकाच वारेवर वाढत होती. एकाभोवती पाणीच पाणी. दुसऱ्याभोवती जवळजवळ नाहीच. ते बिचारे पिशवीच्या भिंतीला चिकटून होते.

“वारेतल्या रक्तवाहिन्यांतून एकाचं रक्त दुसऱ्याकडे जातंय,” डॉक्टर म्हणाल्या. “पाण्याचा दाब वाढलाय, त्यामुळे गर्भाशयाच्या तोंडाशी असलेली मान आखूड होत चाललीय. तोंड उघडलं, तर दोघंही हातची जातील. आजच मुंबईला न्या.”

“मुंबईला आपलं कोन हाय?” जीवन घाबरला.

बाईजाने सुनेचा हात धरला. “माजी पयली दोन अशीच गेली रे. पोट असंच फुगलेलं. तवा कोनी आत बगितलं नाय. आता दिसलंय, तर घरी बसायचं नाय. मी जाते हिच्यासंगं.”

कल्याणच्या पुढे कधी न गेलेली ती बाई अंगावरच्या लुगड्यानिशी रुग्णवाहिकेत चढली.

मुंबईच्या डॉक्टरांनी बाळांना जोडणाऱ्या रक्तवाहिन्या लेझरने बंद केल्या, जादा पाणी काढून घेतले. पुढे योगिनी तपासणीला आली, तेव्हा मी जीव एकवटून पाहिले. भिंतीला चिकटलेल्या त्या लहानग्याभोवती आता पाणी जमले होते. गर्भाशयाची मान आणखी आखूड झाली नव्हती.

“हलतंय गो, पाय झाडतंय!” बाईजा पदराने डोळे पुसत म्हणाली.

बाळे लवकर आली, अगदी मूठभर. बरेच दिवस मुंबईला काचेच्या पेटीत राहिली. परवा बाईजा दोघांनाही घेऊन डॉक्टरांना भेटायला आली. एक खांद्यावर झोपलेले, दुसरे माझी वायर ओढणारे.

मित्रांनो, मी फक्त दाखवते. पाऊल माणसालाच उचलावे लागते. तुमची आई, ताई किंवा वहिनी पोटुशी असेल, पोट एकाएकी वाढू लागले, तर तिला लगेच घेऊन या. मी जुने असले तरी चालेल. तुम्ही उशिरा आलात तर चालणार नाही.