मुलाणीचाचांच्या ओसरीवरची रेहल

मी एक जुनी रेहल आहे, मित्रांनो, आणि माझ्या अंगात एकही खिळा नाही. ही गोष्ट सगळ्यात आधी सांगून टाकते, कारण तिचा मला फार अभिमान आहे. रेहल म्हणजे पाक किताब वर ठेवून वाचण्यासाठी केलेलं घडीचं लाकडी आसन. अल्लाहची किताब कुणी जमिनीवर ठेवत नाही. म्हणून आम्ही दोन्ही हात उघडून बसतो आणि तिला वर उचलून धरतो. वाचन संपलं की मिटून भिंतीला टेकून राहतो.

माझा जन्म कोडोलीचा, सन एकोणीसशे ब्याण्णवचा. बाळासो सुतारांकडे एका चौकटीच्या कामातून उरलेल्या सागवानी फळ्या पडून होत्या. एके दिवशी मुलाणीचाचा आपली मोडकी रेहल काखेत घेऊन त्यांच्याकडे आले. चाचा म्हणजे आमच्या गल्लीतल्या मुलांना आपल्या ओसरीवर अरबी वाचायला शिकवणारे गुरुजी. बाळासोंनी ती मोडकी रेहल उलटीपालटी करून पाहिली आणि डोकं खाजवलं.

"चाचा, ही एकाच फळीची हाय व्हय?"

"एकाच फळीची. दोन्हीकडनं चिरत यायचं, पर मधी थांबायचं. तिथं बोटात बोटं अडकवल्यागत कोरायचं. खिळा न्हाय, चिकटवायला सरस न्हाय."

"आता म्या जल्मात असलं केलं न्हाई. पर तुमच्या किताबाचं काम हाय, न्हाय कसं म्हनू?"

पहिली फळी सांध्यातच फुटली. दुसरीही फुटली. माझ्या त्या दोन थोरल्या बहिणी चुलीत गेल्या. तिसरी मी. बाळासोंनी श्वास रोखून मला दोन्ही हातांनी उघडलं, आणि मी करकर वाजत उघडले. "उघडली! आवं चाचा, उघडली की!" असं ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारची म्हैस दावं ओढून उभी राहिली. ज्या माणसाला माझ्यावरची किताब वाचता येत नव्हती, त्यानं मला इतक्या मायेनं घडवलं. त्यांचे उपकार मी विसरलेले नाही.

मग माझं काम सुरू झालं. सकाळी शाळेच्या आधी गल्लीतली मुलं डोक्यावर टोप्या, ओढण्या सावरत ओसरीवर यायची. या मुलांच्या घरात दखनी, दारात मराठी आणि ओसरीवर अरबी. मुलं पुढे-मागे झुलत मोठ्यानं वाचायची. काही अक्षरं ओठांवर असतात, काही पार घशात. "आतनं काढ, आतनं! भाकरी अडकल्यागत!" असं चाचा म्हणायचे, आणि मुलं खरोखरच घास अडकल्यासारखी तोंडं करायची. कुणाची किताब पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून झाली की त्या घरात 'आमीन' व्हायची. मुलाला नवे कपडे, सगळ्यांना पेढे आणि मला मोगऱ्याचा गजरा. त्या दिवशी मी जरा ताठच बसायची. खोटं कशाला बोलू?

मित्रांनो, एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायला हवी. या ओसरीवर वाचन शिकवलं जाई, अर्थ नाही. चाचांना अर्थ येत नव्हता. त्यांच्या गुरुजींनाही येत नव्हता. त्यांना मिळाला होता तो आवाज, तो सूर, कुठे थांबायचं आणि कुठे लांबवायचं ते. तेवढंच त्यांनी जिवापाड जपलं आणि एका कवडीचीही अपेक्षा न करता पुढे दिलं. ते काही थोडं नव्हतं.

पण जैबुनला ते पुरेना. जैबुन शिकलगार ही नऊ वर्षांची मुलगी. तिच्या वडिलांचा धंदा विळ्या-सुऱ्यांना धार लावण्याचा, आणि पोरीच्या जिभेलाही धार होतीच. सगळ्यांत स्वच्छ वाचायची, आणि वाचून झालं की विचारायची, "चाचा, ह्याचा अर्थ काय?"

"अर्थ सांगनं शिकलेल्या आलिम लोकांचं काम. आपलं काम अदबीनं वाचायचं."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा. शेवटी एका सकाळी चाचांचा तोल गेला. "सारखं आपलं काय, काय, काय! मला इचारू नगंस म्हनून सांगितलं न्हवं? ऊठ. घरला जा." जैबुननं किताब कपाळाला लावून कपड्यात गुंडाळली, मला मिटून जागेवर ठेवलं आणि ती निघून गेली. त्या दिवशी चाचा कुणावरही रागावले नाहीत. दुपारचं जेवणही त्यांनी अर्धं टाकलं. दुसऱ्या दिवशी जैबुन आली, पण पार कडेला बसली. नंतर तिनं कधी काही विचारलं नाही. मला ते फार वाईट वाटायचं.

पुढे तिची आमीन झाली, आणि हायस्कुलासाठी ती कोल्हापूरला मावशीकडे निघाली. जायच्या आदल्या दिवशी चाचा मला काखेत घेऊन शिकलगारांच्या दारात गेले.

"ही घिऊन जा," ते तिला म्हणाले. "मला जे सांगता आलं न्हाई, ते तिथं कुनाला तरी इचार."

एवढंच बोलून ते परत फिरले. मला न विचारता मला देऊन टाकलं म्हणून मी थोडी फुगले. पण चाचांच्या मनातलं कळल्यावर रुसवा टिकला नाही.

कोल्हापुरात जैबुनला सफूराआपा भेटल्या. या बाई अरबी भाषा आणि धर्मशास्त्र शिकलेल्या, वयानं पिकलेल्या आणि बोलायला गोड. शाळा सुटली की जैबुन त्यांच्याकडे जायची. पहिल्याच संध्याकाळी आपांनी कपाटातून एक जाडजूड शब्दकोश काढला आणि धपकन माझ्यावर ठेवला. माझा अपमान झाला! ज्या हातांवर पाक किताब बसत आली, तिथे हा धुळकट दांडगोबा? त्याच्या ओझ्यानं माझे सांधे दुखायला लागले. पण पुढे कळलं की त्याच्याशिवाय किताबेच्या दाराची कडी निघतच नाही. मग मी त्यालाही सांभाळून घेतलं.

आपा शिकवता शिकवता जुन्या गोष्टी सांगायच्या. पूर्वी पैगंबरांचं म्हणून सांगितलेलं एखादं वचन खरं आहे का, हे पडताळायला विद्वान महिनोन्‌महिने प्रवास करायचे. ज्याच्या तोंडून ते आलं त्याला गाठायचे, आणि तो माणूस खोटारडा निघाला तर रिकाम्या हातानं परत यायचे. बगदादच्या विद्वानांनी ग्रीकांची वैद्यकी अरबीत आणली, भारतातले अंक शिकून घेतले आणि पुढे जगाला दिले. इथून जवळच्या विजापुरातही आदिलशाहीत मोठमोठे अरबी पंडित होते. "आणि तू कोडोलीत काय बोलतेस?" आपा हसून विचारायच्या. "तारीख, हिशेब, वकील, कायदा, किल्ला. अगं, अरबी तुझ्या तोंडात आधीपासून आहे." हे ऐकून जैबुनचे डोळे चमकायचे. तिथे तिनं कितीही प्रश्न विचारले तरी आपांना कंटाळा येत नसे. सफूराआपांचेही माझ्यावर उपकार आहेत, कारण त्यांच्यामुळे माझ्यावर काय ठेवलं जातं हे मला पहिल्यांदा कळलं.

दोन हजार पाच साली शिक्षण पुरं करून जैबुन मला घेऊन कोडोलीला परतली. तिच्या मनात एकच इच्छा होती. चाचांच्या ओसरीवर मुलांना आणि बायकांना अरबी अर्थासकट शिकवायची. चाचा आता सत्तरीला टेकले होते. त्यांनी मान हलवली, पण म्हणाले, "चाँदबीला इचार. ती हो म्हनली तर गल्ली येती."

चाँदबी म्हणजे गल्लीतलं सगळ्यात मोठं तोंड आणि सगळ्यात मोठं मन. तिचा मुलगा सौदीत गाडी चालवायचा. मी नसताना ओसरीवर एक नवी पाहुणी आली होती, ती तिचीच देणगी. काचेच्या चौकटीत, हिरव्या कागदावर, सोनेरी ठसठशीत अरबी अक्षरं! मुलानं पाठवलेल्या सामानातून ती निघाली होती. चाँदबीनं कोल्हापुरातून ती नीट कापून, मढवून आणली होती. येणारा-जाणारा तिच्याकडे पाहून हात छातीला लावायचा. त्या अक्षरांवर जेर-जबरच्या, म्हणजे स्वरांच्या, खुणा नव्हत्या, त्यामुळे चाचांना ती नीट वाचता येत नव्हती. त्यांना वाटलं, हे फारच थोर आलिमांचं लिखाण असणार. मला तर त्या चौकटीचा भारी मत्सर वाटला. मी बिचारी साधं लाकूड!

त्या संध्याकाळी ओसरी भरली. चाँदबी पुढे येऊन म्हणाली, "बाई, तू येवडी शिकून आलीस. मग माझ्या लेकानं धाडलेलं हे वाच, आन्‌ अर्थ सांग. मग आमी समद्या येतो तुझ्याकडं."

जैबुननं वर पाहिलं. वाचलं. तिचा चेहरा पडला. मी तिच्या मांडीशी होते, तिचा हात माझ्यावर घट्ट आवळला गेलेला मला कळला. खरं सांगावं तर चाँदबीची भर गल्लीत शोभा, आणि मग वर्ग कसला? खोटं सांगावं तर सफूराआपांकडे शिकलेलं सगळं मातीत. शेवटी ती हळूच म्हणाली, "चाची, रागवू नका. हे खजुराच्या पेटीचं झाकण हाय. उत्तम खजूर, थंड आनि कोरड्या जागी ठेवा, असं लिवलंय."

चाँदबीचा चेहरा लालबुंद झाला. मागून कुणीतरी पुटपुटलं, "चार बुकं शिकली न्‌ मोठ्यांची इज्जत काडाय लागली." दोघी-तिघी उठून पायात चपला घालू लागल्या. जैबुनच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात चाचा बोलले. "थांबा सगळ्या. जैबुन, मी रोज सकाळी जे म्हनतो, त्याचाबी अर्थ तुला येतो?"

"येतो, चाचा."

चाचांनी डोळे मिटले आणि आपला तो लाडका छोटा भाग म्हणायला सुरुवात केली. सूर तोच, खणखणीत. एकेक ओळ झाली की ते थांबायचे आणि जैबुन सांगायची. उजाडलेल्या दिवसाची शपथ आहे. तुझ्या पालनकर्त्यानं तुला टाकलेलं नाही. तू पोरका होतास, त्यानं तुला आसरा दिला. म्हणून पोरक्यावर जुलूम करू नकोस. चाचांनी पुढची ओळ म्हटली. जैबुन थांबली.

"सांग की," चाचा म्हणाले.

"चाचा, ह्यात म्हटलंय, जो मागायला, इचारायला येतो, त्याला झिडकारू नकोस."

चाचांनी डोळे उघडले. "पन्नास वर्षं म्हनतोय मी हे," ते म्हणाले. "रोज म्हनतोय. आन्‌ तुला ह्याच ओसरीवरनं हाकलली." मग ते भिंतीचा आधार घेत उठले. गुरुजी बसतात ती जागा त्यांनी सोडली, माझ्या दुसऱ्या बाजूला आले आणि जिथे मुलं बसतात तिथे, जैबुनसमोर, मांडी घालून बसले. "चल. पयल्या धड्यापासनं शिकीव."

ज्या दोघी-तिघी उठल्या होत्या त्या तिथेच थबकल्या. चाँदबीनं पदरानं डोळे पुसले, चौकटीकडे एकदा पाहिलं आणि ठसक्यात म्हणाली, "लेकानं माझ्या खजूर तर उत्तमच धाडली व्हती की! काडा ती चौकट, माझ्या कोठीत लावते. तितं थंडबी हाय आन्‌ कोरडंबी." सारी ओसरी हसली. आणि ती खाली बसली, ती पहिल्या रांगेत.

तेव्हापासून चाचा जैबुनचे विद्यार्थी झाले. हुशार विद्यार्थी नव्हेत. धडा विसरायचे, चिल्लीपिल्ली त्यांच्या चुका काढायची, आणि ते कान पकडून हसायचे. माझ्यावर आता एकदा किताब बसते, एकदा शब्दकोश. माझा एक सांधा झिजला आहे. बाळासो येऊन पाहून गेले. खिळा मारू का, असं त्यांनी विचारलंसुद्धा नाही. वाटीत थोडं तेल आणून बोटानं चोळून गेले. मला मिळाली तेवढी चांगली माणसं प्रत्येक लाकडाला मिळोत.

मित्रांनो, तुमच्या घरात कपाटावर, मखमलीच्या कपड्यात माझी एखादी बहीण असेल. तिच्यावरची धूळ जरूर पुसा, पण नुसती पुसून ठेवू नका. तिला उघडा. तिच्यासमोर बसा. आणि कुणी लहान तोंडानं मोठा प्रश्न विचारला, तर त्याच्यासाठी थोडं सरकून जागा करा.

परवाच चाचांनी एका वाक्याबद्दल जैबुनला काही विचारलं. तिनं शब्दकोश चाळला, पुन्हा चाळला. मग म्हणाली, "चाचा, मला न्हाई येत. आपांना इचारून येते." दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती खरोखर कोल्हापूरला गेली, त्या एका प्रश्नासाठी. चाचा दिवसभर ओसरीवर माझ्याजवळ बसून होते. तिन्हीसांजेला ती धुळीनं माखून परत आली. चाचांनी आधी तिला पाणी दिलं. मग उत्तर नीट ऐकून घेतलं, दोनदा मान हलवली आणि लगेच पुढचा प्रश्न विचारला.